उत्तरेचा बाण

काकू, सुधाताई, मंडळाचे अध्यक्ष, पुण्याहून मुद्दाम आलेले प्रकाशक लिमये साहेब, आणि एवढ्या उकाड्यात मैलापूरपर्यंत आलेले तुम्ही सगळे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील, आत्ताच सांगून ठेवतो. माझं नाव नीलेश. मी मूळचा गुहागरचा. गेली बारा वर्षं चेन्नईत आहे, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढतो. इतिहासाशी माझा काडीचा संबंध नाही. राव सरांशी होता. आज त्यांच्याविषयी बोलणं मला जड जातंय. ते गेले म्हणून तर आहेच, पण आणखी एक कारण आहे. त्याच्यासाठीच मी अध्यक्षांकडे वेळ मागून घेतला.

काकूंनी सकाळी बजावलंय, बोल, पण कुणाला रडवू नकोस. काकू, माझ्या बोलण्याने कुणी रडेल असं मला वाटत नाही. रागावेल कदाचित.

सर बंदराच्या कचेरीत कारकून होते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तंजावरचं घराणं, मैलापूरचा जन्म, आणि आयुष्यभर अभ्यास कशाचा, तर कॉन्स्टँटिनोपलचा. पूर्वेकडच्या त्या रोमन साम्राज्याचा आणि त्याच्यावर चालून आलेल्या क्रुसेडवाल्यांचा, म्हणजे पश्चिमेकडच्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा. इथेच मंडळात त्यांना मागून 'रोमराव' म्हणायचे. मागून कशाला, पुढूनही म्हणायचे. सर हसायचे. सांथोमच्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे जाऊन ते लॅटिन शिकले. ग्रीक स्वतःच्या स्वतः शिकले. ते शहर त्यांनी कधी पाहिलं नाही. मी एकदा म्हटलं, सर, विमानाने एका दिवसात पोचाल. तर म्हणाले, मला हवं आहे ते शहर आता तिथे नाही.

एका वार्षिक सभेत कुणीतरी त्यांना विचारलं होतं, राव, आपल्या तंजावरचा इतिहास सोडून हे परक्यांचं काय घेऊन बसलात? सर म्हणाले, आपल्या घरचं लिहायला बसलं की खोटं लिहायचा मोह होतो. पण मला वाटतं, त्या लोकांत त्यांना घरचंच काहीतरी दिसत होतं. रोम हातचं जाऊन शेकडो वर्षं झाली, बोलायची भाषा ग्रीक झाली, तरी ते लोक स्वतःला रोमनच म्हणवत राहिले. आणि इथे बसलेल्यांपैकी किती जण घरी तमिळमध्ये भांडतात आणि देवासमोर मराठीत बोलतात? हात वर करू नका, मला माहीत आहे.

सरांची लिहायची एक पद्धत होती. प्रत्येक वाक्याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने एक अक्षर. 'पा' म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेलं. 'ऐ' म्हणजे त्याने दुसऱ्याकडून ऐकलेलं. 'त' म्हणजे सरांचा स्वतःचा तर्क. पानभर 'त' झाले की ते पान फाडून टाकायचे. काकू म्हणायच्या, यांची अर्धी पेन्शन कागदात जाते.

आता नकाशाची गोष्ट.

सरांच्या पुस्तकाचा पहिला भाग लिमये साहेबांनी काढायचं ठरवलं. त्यात शेवटचं प्रकरण होतं बाराशे चार सालचं. क्रुसेडवाले निघाले होते जेरुसलेमला आणि जाऊन लुटलं कॉन्स्टँटिनोपल. आपल्याच धर्माच्या लोकांचं शहर. त्या प्रकरणाला नकाशा पाहिजे होता. मी तेव्हा सरांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. काकूंच्या हातचं रसम खात होतो रोज, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. म्हटलं, मी काढून देतो.

त्या शहराच्या उत्तरेला एक खाडी आहे. आपल्या एन्नोरची समजा, फक्त जास्त खोल. व्हेनिसची जहाजं त्या खाडीत शिरली आणि तिथून तटाला भिडली. दक्षिणेला आणि पूर्वेला समुद्र. पश्चिमेला जमीन, तिकडे मोठी तटबंदी. सरांनी मला हाताने काढून दिलं होतं. कागद उभा आणि शहर आडवं, म्हणून त्यांनी शहर वळवून उभं केलं. खाडी आली उजव्या हाताला, जमिनीकडचा तट आला वर. दिशा लिहिली नव्हती. त्यांना ते शहर तोंडपाठ होतं, त्यांना दिशा लिहायची गरज काय?

गरज मला होती. मी ते कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर काढलं, जेवणाच्या सुट्टीत. शेवटी उत्तर दाखवणारा बाण काढायचा राहिला. आता मला सांगा, चेन्नईत पाणी उजव्या हाताला असलं की उत्तर कुठे असते? वर. माझ्या गावी समुद्र डावीकडे असतो, पण तोवर मी पार इथला झालो होतो. मी वर बाण काढला आणि मोकळा झालो. मोबाइलवर एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं. नाही बघितलं. अख्खं शहर फिरलं. उत्तरेची खाडी पूर्वेला गेली, पश्चिमेचा तट उत्तरेला.

सरांनी तपासलं नाही का? तपासलं. चष्मा लावून, दोनदा. मी समोर बसलो होतो. पण तेही जन्मभर इथेच राहिलेले. पाणी उजवीकडे, उत्तर वर, त्यांनाही खटकलं नाही.

पुस्तक आलं. दोन महिन्यांनी एका मासिकात परीक्षण आलं. मजकुरात जहाजं उत्तरेकडून येतात आणि नकाशात पूर्वेकडून. परीक्षणकर्त्याने लिहिलं की ज्या लेखकाला त्या शहराची उत्तर दिशा ठाऊक नाही, त्याच्या बाकीच्या चारशे पानांवर विश्वास कशाला ठेवायचा? मजकुरात एक चूक नव्हती. परीक्षणात त्याबद्दल एक ओळ नव्हती.

त्या नकाशावर माझं नाव नव्हतं. मीच सरांना सांगितलं होतं की नाव घालू नका, कंपनीच्या कॉम्प्युटरवर बाहेरचं काम केलेलं कळलं तर नोकरी जाईल. परीक्षण वाचून मी खाली गेलो. म्हटलं, सर, मी मासिकाला पत्र लिहितो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणि नोकरी?" मी मासिकाची घडी घालत राहिलो. मग म्हणाले, "परवाइल्लै. पुस्तकावर नांव माझें आहे." परवाइल्लै म्हणजे चालायचंच, राहू दे. आपल्या नव्या मंडळींसाठी सांगतो.

मी राहू दिलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगतो. वर जाऊन मी शांत झोपलो.

दुसरा भाग खुद्द क्रुसेडवाल्यांचा होता. तो आला नाही. सर म्हणायचे, निघेल कधीतरी. मला वाटायचं पुस्तकं अशीच रखडत असतील, पुण्याच्या लोकांना घाई नसेल. लिमये साहेब, तुमच्याबद्दल मी मनात बरंच वाईट बोललोय. त्याची माफी मागतो.

परवा तेरावं झालं. त्यानंतर सुधाताईंनी सरांची कागदपत्रं लावायला मला बोलावलं. सर आपल्या प्रत्येक पत्राची झेरॉक्स ठेवायचे. त्यात लिमये साहेबांचं एक पत्र सापडलं. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या डोळ्यांनी वाचलंय. साहेबांनी लिहिलं होतं की नकाशा तुमच्या हातचा दिसत नाही, तो कुणी काढला ते लेखी कळवा, आम्ही खुलासा छापतो, म्हणजे दुसरा भाग लगेच घेता येईल. नाहीतर एवढ्या टीकेनंतर जोखीम घेणं कठीण आहे. त्याखाली सरांच्या उत्तराची प्रत होती. एक ओळ. नकाशा माझा आहे, दुसरें नांव नाहीं.

म्हणजे माझं नाव लिहिलं असतं तर पुस्तक निघालं असतं. पंचवीस वर्षांचं काम होतं ते. ज्या माणसाने आयुष्यात पुराव्याशिवाय एक वाक्य लिहिलं नाही, त्याने ही एक ओळ धडधडीत खोटी लिहिली. माझ्या पगारासाठी. आणि त्यानंतर सहा वर्षं मी दर पोंगलला त्यांच्या घरी जेवलो. काकू आग्रह करून वाढायच्या. सर विचारायचे, कारखान्यात सगळं ठीक ना रे? मी म्हणायचो, ठीक. मला त्यांचा रागही आला परवा, ते पत्र हातात घेऊन. म्हटलं, निदान मला सांगायचं तरी. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? खरं उत्तर मला माहीत नाही. लाज वाटते, एवढं नक्की.

सुधाताई म्हणाल्या, आता कशाला, बाबांना आवडलं नसतं. असेल तसं. पण सरांनी दिलेली गप्प राहायची ती मुभा मी आज परत करतोय.

लिमये साहेब, सगळ्यांसमोर सांगतो. तो बाण मी काढला. सरांच्या मजकुरात चूक नव्हती. लेखी पाहिजे असेल तर सही करून आणलंय, हे पाकीट. कंपनीलाही काल मेल केलाय. काय व्हायचं ते होईल. दुसऱ्या भागाची एकतीस प्रकरणं सुधाताईंच्या कपाटात नीट लावून ठेवली आहेत. छापायची की नाही हे तुम्ही ठरवा, मी आग्रह करायचा अधिकार घालवून बसलोय. पण ती वाचा. नकाशामुळे नको असतील, तर ते कारण आता उरलं नाही.

माझं बोलून झालं. सर चांगले होते, मोठे होते, हे सांगायला बाकीचे वक्ते आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

अध्यक्षांच्या परवानगीने आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. काकू, तुम्ही बसूनच राहा, गुडघा दुखतोय तुमचा. सहा वर्षं मी गप्प राहिलो, ते स्वतःसाठी. ही दोन मिनिटं सरांसाठी.