सूपभर कोंड्याचं लेकरू

तुळसाबाई: ...आन थे नवं आंगडं काढून ठेव. उकंड्यावरच्या केरात कोनी आंगडं घालून लेकरू टाकते काय? त्या जुन्या धडप्यात गुंडाय. फाटकं दिसलं पाह्यजे.

प्रयाग: बारा दिसाचं लेकरू हाये, मामीजी. सकायचा गारठा तं पाहा.

तुळसाबाई: दोन घडीचा गारठा. उकंड्यावर ठेवाचं, तांड्यावरच्या धनीबाईनं उचलाचं, आपन तिले सूपभर कोंडा द्याचा आन लेकरू इकत घ्याचं. झालं. ऊन तं कवाचंच आलं हाये आंगनात.

प्रयाग: त्याले म्या कुठी नाही म्हनलं? ठेवा उकंड्यावर. नाव बी कोंडू ठेवा, केरू ठेवा, तुमाले जे वाटन थे ठेवा. मले थे दुसरं जमनार नाही.

तुळसाबाई: दुसरं कोनतं?

प्रयाग: तुमाले मालूम हाये कोनतं.

तुळसाबाई: तुया तोंडानं सांग.

प्रयाग: थो मले माय म्हननार नाही. जलमभर काकू म्हनन. थे.

तुळसाबाई: मंग काय बिघडलं? शालिग्रामचे पोट्टे तुले काकूच म्हनतेत ना? त्यायच्यात हा एक.

प्रयाग: थे जावंचे हायेत. हा माया पोटचा हाये!

तुळसाबाई: हयू बोल. आजच्या दिशी तरी असं गर्जू नोको. सटवाई दारातच राह्यते उभी.

प्रयाग: सटवाईले म्या दोन देले. पोरगी नऊ दिसाची गेली. पोरगा पाच महिन्याचा होता, हसत होता चांगला. आनखी काय पाह्यजे तिले?

तुळसाबाई: त्या दोघायले तू काय म्हनत होती? 'माया राजा, माया सोन्या.' जऊळक्याले तुया मायच्या घरी दिसभर तेच. तिनं आइकलं, नेलं. म्हनून या बारीले तुले माहेरी धाडलं नाही म्या. माये तीन गेले व, तुया नवऱ्याच्या, उकंडरावाच्या आंदी. तिघायले म्या बी सोन्याच म्हनत होती.

प्रयाग: आन यायले?

तुळसाबाई: याले काहीच म्हनलं नाही. 'शालिग्रामच्या मायचं हाये, माया कडेवर देल्लं' म्हनत होती, कोनी पुसलं तं. सव्वीस वर्साचा झाला. वावरात मूग तोडू राह्यला. आनखी काय पाह्यजे?

प्रयाग: मामीजी, एक सांगू? रागावू नोका.

तुळसाबाई: सांग.

प्रयाग: लगीन होऊन आली, तवा मले वाटलं तुमी सावतर माय हा. लगनाचं वऱ्हाड उतरलं तवा जऊळक्याच्या टेसनावर माया बाबानं पुसलं होतं, 'जवाईबुवा, तुमची माय कोनती यायच्यात?' तं हे काय म्हनले? 'हे काकू हाये.' बाबा बिचारा सगळ्या बायायच्या तोंडाकडं पाहू राह्यला. लुगडं कोनाले द्यावं त्याले समजंच ना.

तुळसाबाई: मालूम हाये. मी तथीच उभी होती.

प्रयाग: तुमाले काहीच नाही वाटलं?

तुळसाबाई: त्या दिशी पायात काटा होता माया. थो आठवते.

प्रयाग: गंमत नोका करू.

तुळसाबाई: गंमत कायची? लुगडं भेटलंच ना मंग मले. हिरवं होतं.

प्रयाग: त्यायनं एकडाव बी तुमाले माय म्हनलं नाही? एकडाव बी?

तुळसाबाई: म्हनलं होतं. सात वर्साचा होता. पोया झाला आन दुसऱ्या दिशी ताप भरला त्याले. डोये फिरवू राह्यला. 'माय वं, माय वं' म्हनून वरडे. कोनी शिकवलं काय मालूम. दुसऱ्या पोट्ट्यायचं आइकलं असन.

प्रयाग: मंग?

तुळसाबाई: मंग काय, म्या ओ देल्ली नाही. जावेले म्हनलं, तू बस त्याच्या उशाले, तू ओ दे. तिनं देल्ली. मी आंगनात जाऊन उभी राह्यली. सकायी ताप उतरला.

प्रयाग: माय वं! तुमी माया पोटच्या लेकराजवय मले असंच उभं करू राह्यल्या, मामीजी.

तुळसाबाई: आंगनात उभं राह्यलं तं पाय दुखतेत. मसनात उभं राह्यल्यापेक्षा बरं हाये. तू दोन डाव जाऊन आली. तुले काय सांगू?

धनीबाई: तुळसाबाई! हाये काय घरात? का मी तांड्यावरून एवढी दूर फुकटच आली?

तुळसाबाई: ये वं धनी, ये. पाय कसे चिखलाचे तुये. बस तथी. हे माई सून, प्रयाग. हे धनीबाई, प्रयागे. सात लेकरं हायेत हिले, सातही जित्ते. हिच्या सासूनं, रुपाबाईनंच उकंडरावाले उचललं होतं.

धनीबाई: पाहू दे बाई लेकरू. अगं! एवढुसं हाये, पन नाक पाहा कसं. हा टिकते. मी सात काढले, मले समजते.

प्रयाग: असं मोठ्यानं नोको म्हनू, धनीबाई.

धनीबाई: पाहा बाप्पा, सासूच्या वर भेते हे तं. डोये काहून सुजले हिचे?

तुळसाबाई: लेकरू काकू म्हनन म्हनून रडू राह्यली.

प्रयाग: धनीबाई, तुमच्या तांड्यात मायले काय म्हनतेत?

धनीबाई: याडी.

प्रयाग: मंग मले याडी म्हनू दे त्याले. हे सटवाई आमच्या गावची हाये. तिले तुमची बोली कुठून समजते?

धनीबाई: हे पाहा! डोकं लय चालते व हिचं! पन बाई, तांड्यात काय लेकरं मरत नाहीत? थे तथी बी येते. आमच्यापेक्षा चांगली बोलते आमची बोली.

तुळसाबाई: झालं? पुसलं, समजलं?

धनीबाई: एवढं कायले रडतं पन, पोरी? जलमभराचं थोडीच हाये? दहावं वर्स लागलं का लुगडं-नारय घेऊन तांड्यावर याचं. मी चार बायायच्या म्होरं म्हनन, 'घे वं, तुयं लेकरू तुले वापस देल्लं.' त्या दिसापासून माय म्हनाले मोकयं. असंच असते थे. तुले सासूनं सांगतलं नाही?

प्रयाग: नाही.

धनीबाई: नाही? तुळसाबाई?

तुळसाबाई: कोंडा चायून ठेवला काय, प्रयागे? खडे राहू देऊ नोको त्याच्यात.

प्रयाग: मामीजी, दहा वर्साचं हाये काय हे?

तुळसाबाई: हाये.

प्रयाग: मंग हे सव्वीस वर्साचे काहून झाले काकू म्हनता म्हनता?

धनीबाई: माई सासू मरेतलग म्हने, तुळसाबाईनं लेकरू सोडवून नेलं नाही म्हने. मले वाटलं, लुगडं जड गेलं असन. कापसाचा भाव पडेल होता त्या सालात.

तुळसाबाई: लुगडं घेतलं होतं. पोहऱ्याच्या जत्रंतून आनलं होतं, चौकड्याचं. नारय बी होतं. दहावं लागलं आन मी एकटीच निघाली तांड्यावर. थे मानमोडीच्या तापाचं साल होतं. नाल्यापलीकडं गेली तं तांड्यातून दोन तिरड्या निंगल्या. एक मोठी, एक लहानी. मी तथीच उभी राह्यली. लहानीकडं पाह्यलं. वापस फिरली.

धनीबाई: थे माया नंदंचं होतं, लहानं.

तुळसाबाई: असन.

प्रयाग: मंग मानमोडी सरल्यावर? दुसऱ्या सालात?

तुळसाबाई: दुसऱ्या सालात पटकी आली अनसिंगाले. तिसऱ्या सालात काही नाही आलं. लुगडं काढलं, झटकलं, पेटीत ठेवलं. म्हनलं, काही नाही आलं तं आपन कायले बोलवा? मंग त्याले मिसरूड फुटलं. मंग थो शबद तोंडात बसून गेला त्याच्या.

प्रयाग: आन लुगडं?

तुळसाबाई: जावेले देल्लं. ओ देल्ली होती ना तिनं.

धनीबाई: असं करू, तुळसाबाई. सासू नाही तं मी हाये. आज दोनही कामं करून टाकू. नातू उकंड्यावरून उचलतो आन लेक वापस देतो. बोलवा उकंडरावाले वावरातून. लुगडं नसलं तं राहू द्या, मी काही मांगत नाही.

प्रयाग: हो मामीजी! मी पाठवू काय कोनाले? येतीन थे. म्हनतीन.

तुळसाबाई: नोको.

प्रयाग: काहून नोको?

तुळसाबाई: सव्वीस वर्सं जित्ता हाये थो. आता त्याले हात कायले लावू मी?

प्रयाग: एवढा मोठा गडी हाये. त्याले काय होते आता?

तुळसाबाई: मले काय मालूम काय होते? तुले मालूम हाये?

धनीबाई: अजून भेता व बाई तुमी?

तुळसाबाई: हो, भेतो. रोज भेतो. वावरातून यायले जराक उशीर झाला का दारात जाऊन उभी राह्यतो. 'काकू, पानी दे' म्हनलं का मंग बसतो.

प्रयाग: मंग मायं बी असंच होईन. दहा वर्सानं मी बी नाल्यावरूनच वापस येईन. तवा मले ढकलाले तुमी असान काय?

तुळसाबाई: नसन. खोटं कायले सांगू?

प्रयाग: मंग मी नाही देत थो शबद. मले ओ द्याची हाये, मामीजी. थो वरडला का मले ओ द्याची हाये. जावेले नाही देऊ देनार.

तुळसाबाई: बरं.

प्रयाग: काय बरं?

तुळसाबाई: नोको देऊ. लेकरू तुयं हाये. म्या कोनाचा जोर नाही आइकला, तुयावर तरी कायले करू? उकंड्यावर ठेवू, धनी उचलन, कोंडा मी देतो. धनी तीन बाऱ्या पुसन, 'कोनाचं लेकरू व्हय?' मायनं 'मायं नाही' म्हनाचं असते. तू म्हनू नोको. उगीच उभी राह्य. थो तुले मायच म्हनन.

प्रयाग: खरंच म्हनता?

तुळसाबाई: हो. चाल, गारठा कमी झाला. घे त्याले. माया हातात देऊ नोको, तूच ठेव. तेवढं मायच्याच हातानं असते.

(घरामागं उकंडा. त्याच्यावर एक जुनं सूप, सुपात धडप्यात गुंडायलेलं लेकरू रडते. तिघी बाया उभ्या.)

धनीबाई: अवं बायाहो, आयका! मी रस्त्यानं चालली होती, या उकंड्यावर लेकरू सापडलं मले. कोनाचं व्हय हे?

तुळसाबाई: उगीच राह्य, प्रयागे.

धनीबाई: कोनी बोलत नाही. टाकून देल्लं कोनं तरी. काही कामाचं नसन. एवढंसं, कायं-बेंद्रं. दुसऱ्यान पुसतो बाप्पा, कोनाचं लेकरू व्हय?

प्रयाग: मामीजी, थो रडत काहून नाही?

तुळसाबाई: रडून रडून थकला असन.

प्रयाग: आता तं रडत होता. धनीबाई, पाह्य ना त्याले.

धनीबाई: मले आत्ता हात लावता येत नाही, पोरी. तीन बाऱ्या पुसल्याबिगर नाही लावता येत.

प्रयाग: मंग पूस ना लवकर!

धनीबाई: पुसतो, पुसतो. बायाहो, शेवटचं पुसतो. हे लेकरू कोनाचं व्हय?

प्रयाग: मायं नाही.

धनीबाई: आं?

प्रयाग: मायं नाही, बाई. मले नाही मालूम कोनाचं व्हय. म्या त्याले कधी पाह्यलं बी नाही. तुले सापडलं, तू घेऊन जाय.

तुळसाबाई: प्रयागे. म्या तुले म्हनाले सांगतलं नव्हतं.

प्रयाग: उचल ना, धनीबाई!

धनीबाई: उचललं, उचललं. पाहा, डोये उघडे हायेत त्याचे. झाडावरच्या कावयाकडं पाहू राह्यला होता, दुसरं काही नाही. आता बोला, कोनी इकत घेते काय?

तुळसाबाई: मी घेतो. हा पाहा कोंडा.

धनीबाई: एवढाच?

तुळसाबाई: उकंड्यावरच्या लेकराले आनखी काय देऊ? पसाभर जास्त घे. दे इकडं.

धनीबाई: घ्या बाई, तुमी इकत घेतलं. अगं, रडाले लागलं. भुकेजलं व थे.

तुळसाबाई: प्रयागे, घे त्याले. आंगाले लाव. अशी काय उभी राह्यली? घे ना वं.

प्रयाग: आना. उगी, उगी रे कोंडू. रडू नोको. काकू आली.