वाळक्या काड्यांचं पोतं

बागेचा कचरा टाकायला पालिकेच्या कचरा केंद्रावर सकाळीच सात-आठ जण रांगेत उभे होते. फाटकावरच्या रखवालदाराने पुढच्या आजोबांचं पोतं उचललं, तेवढ्यात त्यांच्या मागच्या बाई बोलल्या.

"आजोबा, या काड्या आत्ताच कशाला कापल्यात? अजून पुरती ऊब कुठे आलीय?"

"बाग साफ करायला घेतली. यंदा मला अडवायला कोणी नाही."

"म्हणजे?"

"आमची ही हातच लावू द्यायची नाही. दरवर्षी याच दिवसांत आमची जुंपायची. मी म्हणायचो, तुला नुसता आळस आहे. ती हसायची."

"आळस नव्हता हो तो. पोकळ काड्यांत इवल्या मधमाश्या झोपलेल्या असतात. थंडी सरली की बाहेर येतात."

"मधमाश्या? यात?"

"ही बघा, टोकाला मातीचं बूच आहे. आत कोणीतरी आहे."

"अरे देवा! चाळीस वर्षं भांडलो, पण 'का गं?' असं कधी विचारलं नाही. आता मेल्या असतील?"

"छे हो! सैलसर भारा बांधा आणि उन्हातल्या भिंतीला उभा करा. पोत्यातली वाळकी पानं झाडाखालीच पसरा."

"किती दिवस ठेवू?"

"त्या निघेपर्यंत. घाई करायची नाही."

"नाही करणार. आता कसली घाई!"

रखवालदाराने फाटकाजवळच्या आपल्या खोलीतून सुतळीचा गुंडा आणून आजोबांच्या हातात दिला आणि पोतं पुन्हा उचललं.

"चला, गाडीपर्यंत मी आणतो."

"हळू धर रे बाबा," आजोबा म्हणाले. "आत आमच्या हिची मंडळी आहेत."