ठिसूळ डोंगर

स्क्रँटनमधल्या हार्डवेअरच्या दुकानात लोरेटा उंदराचा सापळा घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोन म्हातारे प्लास्टरच्या पिशवीवरून हुज्जत घालत होते.

"एमिल, हे भिंतीची भोकं बुजवायचं प्लास्टर आहे. तुला तळघरातल्या त्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी डोंगर करायचाय ना?"

"डोंगरच करतोय."

"मग ते कडक घे. त्याचे खडक साच्यातून काढले की चाळीस वर्षं टवका उडत नाही. याचा नखानेसुद्धा भुगा होईल."

"होऊ दे. स्वस्त आहे."

"चिक्कूपणा सोड लेका! इंजिनं जर्मनीहून मागवलीस आणि डोंगराला हात आखडतोस?"

"इंजिनं कोणीही घेऊन जाईल, वॉल्ट. डोंगर कोण नेणार?"

"नेण्याची गोष्ट आली कुठून?"

"डॉक्टर म्हणतो, नाताळ काही बघत नाही मी. मग घर रिकामं करायला माझी म्हातारी इर्मा एकटी."

"एमिल..."

"मागचा डोंगर कडक प्लास्टरचा होता. तो फोडायला मलाच तीन दिवस लागले. तिच्या बोटांनी तर बरणीचं झाकण निघत नाही."

वॉल्टने वाकून तसलीच दुसरी पिशवी उचलली.

"एकीत नाही भागायचं तुझं."