मी उतरवलेलं विमान

...आता पडदा आधी काळा झाला की मी आधी ओरडलो, हे मला नक्की आठवत नाही बरं का! हा प्रसंग मी इतक्यांदा सांगितलाय, की डोक्यात उरलंय ते घडलेलं की सांगितलेलं, तेच कळेनासं झालंय. पण तुम्हाला सांगतो, मी घाबरलो नव्हतो. मला फक्त शंका होती!

आणि का येऊ नये शंका? चार माणसांचं विमान, दार गाडीच्या दारापेक्षा हलकं, आणि चालवणार कोण, तर माझी लेक! जिला सायकल शिकवताना मीच कुंपणात पडलो होतो, ती! त्यात ते नवं यंत्र. पूर्वी कशी गोल गोल घड्याळं असायची, काटा हलला की जिवाला बरं वाटायचं... आता दोन चकचकीत पडदे! वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, एका कडेला वेग, दुसऱ्या कडेला उंची. मी म्हटलं, "अगं, खरं आकाश समोरच्या काचेतून दिसतंय ना, मग हे चित्रातलं कशाला? आणि दोघांचं जुळलं नाही, तर खरं कुणाचं मानायचं?"

"बाबा, पट्टा बांधा."

माझी डॉक्टरेटच मोजमापातल्या चुकांवर आहे हो! जन्म गेला आकड्यांवर संशय घेण्यात. याआधी दोनदा धावपट्टीच्या तोंडाशी मी शंका काढली आणि दोन्ही वेळा विमान परत शेडमध्ये! आमची ही मागच्या सीटवर. शाळेत भूगोल शिकवायची, फळ्यावर नदीचं वळण काढून काढून खडू झिजवले, आणि ते वळण एकदा वरून बघायचं एवढीच इच्छा. निघतानाच म्हणाली, "आज परत फिरवलंत ना, तर मी घरी येणार नाही. इथेच पंखाखाली चादर अंथरून राहीन!"

उडालो. घाबरलो नव्हतो, शंका होती! "हा आकडा पिवळा का झाला? ही घरघर आधी होती का? डावा पंख जरा खाली नाही ना?" नदी दिसायला लागली आणि मी म्हटलं, "मला वाटतं, आपण परत..." तेवढ्यात, किंवा त्याच्या जरा आधी, लेकीसमोरचा पडदा काळाठिक्कर!

"बाबा," ती म्हणाली, दूध नासलंय म्हणून सांगावं तशी, "माझा पडदा गेला. आकडे तुमच्या पडद्यावर घेतेय. वेग आणि उंची मोठ्यानं वाचत राहा. उतरेपर्यंत थांबायचं नाही."

"तुला तिथून दिसत नाही?"

"माझी नजर बाहेर हवी ना, बाबा!"

मग काय विचारता! "वेग शंभर... म्हणजे नव्याण्णव आणि शंभरच्या मधे, उंची साधारण दोन हजार, पण यात थोडीफार चूक गृहीत धरली तर..."

"अहो, आकडा सांगा! प्रबंध नको!" मागून.

वाचत राहिलो. चष्मा घामानं नाकाच्या शेंड्यावर. नदीवर एक घिरटी झाली, दुसरी झाली... "अय्या, वळण बघा! जुनं पात्रसुद्धा दिसतंय!" बघतोय कोण? तिघांचा जीव माझ्या वाचनावर! चाकं टेकली तरी मी आपला "उंची... उंची..." करतोय. लेकीनं खांद्यावर हात ठेवला, "बाबा, तुम्ही होतात म्हणून!"

झालं! तेव्हापासून दवाखान्याच्या बाकावर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे दोन कान दिसतील तिथे मी सांगत आलोय, विमान मी उतरवलं!

आणि इतक्या वर्षांनी परवा लेकीच्या सासूबाई जेवायला आल्या. लिफ्टमध्ये शिरायलासुद्धा घाबरणारी बाई! फुलून सांगतायत, "काय सांगू तुम्हाला! सूनबाईंसमोरचा पडदा अचानक काळा झाला हो, आणि मी आकडे वाचत वाचत विमान खाली आणलं!"

माझा घास हातातच. लेक ताटात बघतेय. ही तोंडावर हात धरून खिदळतेय.

विहीणबाई गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, पडद्याच्या कडेला उजेड कमी करायचं बटण असतं. फिरवत नेलं की काळा होतो. आईचीच युक्ती."

म्हणजे बघा! सगळ्या जगावर शंका घेणारा मी, पण पडदा गेलेला असताना ही पोरगी नदीवर दोन घिरट्या का घालतेय, ही एवढी एकच शंका मला आली नाही!

तरी विश्वास बसेना. शेडमध्ये गेलो, विमानात बसलो, लेकीकडून पडदे चालू करून घेतले, बटण फिरवलं. काळा. उलट फिरवलं. उजेड. पुन्हा फिरवलं. काळा. काय करणार... जन्मात पहिल्यांदाच शंकेला जागा उरली नाही हो!