अंगठ्याचा डाग

दुकानाच्या परवान्यासाठी कचेरीच्या बाकावर बसून बसून शिंपीणबाई कंटाळल्या होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. ते आपल्या पाच जुन्या रिव्हॉल्व्हर विकत होते, आणि घेणारा तरुण त्यांना अगदी खेटून बसला होता.

"मग काका, पाचही लिहू ना?"

"चार. पाचवी राहू दे."

"अहो, तीच तर देखणी. घोडा मागे ओढायची कटकट नाही, नुसता चाप दाबायचा. फक्त नळीवर तेवढा गंजाचा डाग आहे."

"अंगठा आहे तो. हिने एकदा हातमोजा न घालता उचलली. घामाचा हात, उमटला तसाच."

"अरेरे. मग?"

"मग काय. म्हणाली, लढाईवर जाऊन आलेली वस्तू, आणि माझ्या अंगठ्याला भ्यायली होय?"

"माझ्याकडे कारागीर आहे. घासून अशी देईल की डाग कुठे होता ते सापडणार नाही."

"म्हणूनच देत नाही."

"काकू रागावतील हं. एवढा डाग जपताय म्हणून."

"रागवायला असती, तर पाचही दिल्या असत्या."