गूळ-पाणी नाकारणारा अरब

तुम्ही अरब पाहिलात तो तंबूतल्या सिनेमात. मी आमच्या पडवीत पाहिलाय! सिनेमातला आधी यजमानाचं सरबत भिरकावतो, मग तलवार उपसतो आणि शेवटी राजकन्येला पळवतो. तो बघून आल्यापासून माझी धाकटी जाऊ कुसुम धास्तावलेलीच होती.

आणि नेमके एकादशीला शेजारचे हसनभाई बंदरावरून एका अरब नाखव्याला घेऊन आले. त्याला गलबतासाठी नारळ हवे होते. एकादशीला दारी आलेला काही घेतल्याशिवाय जाऊ नये, हा माझा नेम. मी गूळ-पाणी पुढे केलं. त्याने छातीवर हात ठेवून मान हलवली.

"जाऊबाई, नको म्हणाला! आता तलवार!" कुसुम दाराआडून कुजबुजली.

मला तलवारीची नाही, नेमाची काळजी. हसनभाई म्हणाले, "वैनी, राग मानू नका. त्याचा रोजा आहे. पाणीसुद्धा चालत नाही."

"अगोबाई! मग त्यांना सांगा, माझाही उपास आहे."

हसनभाईंनी सांगितलं, तसा त्याने झग्यात हात घातला. कुसुम किंचाळलीच! बाहेर निघाली खजुराची पुरचुंडी. ती त्याने माझ्यासमोर ठेवली. मी सूर्यास्ताला रोजा सोडायला एक शहाळं दिलं. ते त्याने दोन्ही हातांनी घेतलं. माझा नेम टिकला.

खजूर खाता खाता कुसुम म्हणाली, "सिनेमात असा का नाही हो दाखवत?"

म्हटलं, "अगं, याला घेतलं तर राजकन्येला पळवणार कोण? हा तिच्या हातावर खजूर ठेवून रोजा सोडायला घरी जायचा!"