अलिजाच्या मांडवातला भुईनळा

तुळजापूरहून तेरखेड्याकडं निघालेल्या एसटीत दिवेलागणीच्या वेळी वृषालीला डुलकी लागली होती. मागच्या सीटवर एक म्हातारी आणि तिची लेक बोलत होत्या. ते बोलणं तिच्या झोपेत हळूहळू झिरपत होतं.

“झरीन, पिशवीत काय एवढं जपून धरलंस?”

“भुईनळा, अम्मी. आपल्या अलिजाच्या लग्नासाठी.”

“येडी झालीस? फटाक्यांची शेड उडाल्यापासून तुझ्या अब्बांना बार सोसत न्हाय. थोरलीच्या लग्नात पहिला फटाका वाजला अन् ते मांडव सोडून शेतात जाऊन बसले.”

“ह्यात दारू न्हाय गं. एलईडीचे दिवे हायत, खाली बारके सेल. म्याच केलाय.”

“अन् हे पट्ट्यापट्ट्यांचे मणी?”

“रेझिस्टर. दर दिव्याला एक. ते नसले तर करंट एकदम शिरतो. दिवा घटकाभर लखलखतो अन् जळून जातो.”

“म्हंजी वातीवानीच. वात आखूड ठिवली की सगळं एकदम अंगावर येतं.”

“व्हय, तसंच. लावू?”

“थांब, थांब!”

बटण दाबल्याचा बारीक आवाज आला. वृषालीनं डोळे उघडले, तर खिडकीच्या काचेत पांढऱ्या फुलांचं झाड उमललं आणि पळत्या रानावरून तरंगत निघालं. त्या झाडामागं म्हातारी दिसत होती. तोंड फिरवून तिनं दोन्ही कान गच्च दाबले होते.

“अम्मी, कान सोड की. ह्याला आवाज न्हाय.”

“अजिबात?”

“अजिबात न्हाय.”

म्हातारीचे हात सावकाश खाली आले.

“मंग ह्यो तुझ्या अब्बांच्याच हातानं लावू.”